साठ सेकंदांतली एक्केचाळीस मिनिटं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे. ती आजही हयात आहे आणि तिला विचारूनच सांगतोय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ती कॅसेट माझ्या कानांनी ऐकलेली आहे. त्यामुळे मला ठरवायचं काही उरलेलं नाही.

तारीख १४ नोव्हेंबर १९९८. शनिवार. दुपारचे तीन.

ठाण्यात माजिवडा नाक्याजवळची एक इमारत, तिसऱ्या मजल्यावर आत्याचं ऑफिस. बाहेर लख्ख ऊन.

कांताआत्या तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. वर्तकनगरला एकटीच राहायची. लग्नाचं विचारलं की “राहून गेलं” म्हणायची, बस चुकल्यासारखं. एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रामर होती, आणि तिच्याकडे काम होतं वेळेचं.

म्हणजे असं, की प्रत्येक जातीचा कॉम्प्युटर वेळ आपापल्या पद्धतीनं मोजतो. एक १९७० सालापासून सेकंद मोजत येतो, दुसरा १९८० पासून, तिसरा तर १६०१ पासून. एकच प्रोग्राम तिन्हींवर चालायचा तर मध्ये कुणीतरी दुभाष्या हवा. आत्या तो दुभाष्या लिहीत होती. त्याला त्यांच्यात लायब्ररी म्हणतात. दोन हजार साल तोंडावर आलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकांची घाई होती.

“क्षण वेगळा आणि अवधी वेगळा,” ती मला समजवायची. “तीन वाजले, हा क्षण. चहाला पाच मिनिटं लागली, हा अवधी. एका क्षणातून दुसरा वजा केला की अवधी मिळतो. इतकं सोपं आहे रे. पण माणसं गल्लत करतात.”

हे काम ती आणि देवराम भोईर, दोघं मिळून करायचे. हे भोईर कल्याणजवळच्या शहाडचे. विधुर, अबोल माणूस. नऊ वर्षं दोघं शेजारी बसले. ती त्यांना ‘भोईर’ म्हणायची, ते तिला ‘कांताबाई’. शनिवारी बाकीचे एक वाजता पळायचे. हे दोघं मागे राहायचे, तपासण्या चालवायचे आणि तीनला चहा घ्यायचे. बोलणं फारसं नसायचं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी भोईर गेले. झोपेतच. ऑफिसला सोमवारी कळलं. आत्या शहाडला जाऊन आली, तेव्हा घराला कुलूप होतं.

त्यानंतर शनिवारी ती एकटीच थांबायला लागली.

चौदा तारखेला तिनं नेहमीची तपासणी लावली. तिन्ही मशीननी एकदम सुरू व्हायचं, साठ सेकंद थांबायचं आणि किती वेळ गेला ते सांगायचं. भोईरांचं जुनं युनिक्सचं मशीन, १९७० पासून मोजणारं, कोपऱ्यात होतं. आत्या त्याच्यासमोर बसली. चहाचा ग्लास शेजारी ठेवला. वाफ येत होती.

बटण दाबलं...

पहिलं मशीन : साठ.

दुसरं मशीन : साठ.

भोईरांचं मशीन : दोनशे साठ.

तिला वाटलं, आपलीच चूक. चष्मा पुसला. सवयीनं ग्लास उचलला...

चहा कोमट झाला होता. वर साय धरलेली.

तिनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. तीन वाजून सहा. मग मनगटावर पाहिलं.

तीन वाजून नऊ.

अख्खा आठवडा तिनं एकेक ओळ तपासली. चूक सापडेना. सोमवार ते शुक्रवार त्याच मशीनवर तीच तपासणी कितीदा चालवली. साठ. साठ. साठ.

पुढच्या शनिवारी अकराशे चाळीस.

एकोणीस मिनिटं. बाकीच्या दोन मशीनवर एकच मिनिट गेलेलं. आणि त्यातलं तिला काहीच आठवेना. तिच्या लेखी तिनं बटण दाबलं आणि स्क्रीनवर ‘संपलं’ आलं. मध्ये काही नाही. झोप नाही, अंधार नाही. फक्त गाल किंचित दुखत होते... पुष्कळ हसल्यावर दुखतात तसे.

अठ्ठावीस तारखेला ती पुन्हा बसली. उठून बाहेर आली तेव्हा पॅसेजमध्ये रंभा उभी होती. ही रंभा खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, मजल्यावरची झाडलोट करायची. हातात ओलं फडकं तसंच.

“बाय, आत कोन हाय?”

“कोणी नाही गं. मी एकटीच.”

“नाय... तुमी बोलत व्हत्या. यवरं भरभर, एक सबूद समजला नाय. मैना बोलते ना, तसा बारीक आवाज. आनि हसत व्हत्या.”

“किती वेळ?”

“येक मिनिट आसंल. मी दाराशी येईपर्यंत गप.” रंभानं आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “बाय, तुमाला यवरी हसताना कंदी बगलं नाय मी.”

त्या रविवारी आत्या आमच्याकडे डोंबिवलीला आली. मी कॉलेजात होतो. तिनं माझा बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर मागितला. आणि एक कोरी कॅसेट, साठ मिनिटांची.

“कशाला गं आत्या?”

“मला ऐकायचंय,” ती म्हणाली. एवढंच.

पाच डिसेंबर. तिनं टेपरेकॉर्डर मशीनला खेटून ठेवला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि तपासणी सुरू केली.

पहिलं मशीन : साठ.

दुसरं : साठ.

भोईरांचं : दोन हजार चारशे सत्तर.

एक्केचाळीस मिनिटं आणि वर दहा सेकंद. टेपरेकॉर्डरचं बटण आपोआप वर आलेलं. कॅसेटची एक बाजू, अर्धा तास, पूर्ण भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला वर्तकनगरला बोलावून घेतलं. एकटीनं ऐकायची हिंमत होत नव्हती तिची. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं खिडकी लावून घेतली.

सुरुवातीला नुसता पंख्याचा आवाज.

मग आत्याचा आवाज. “या ना. बसा.”

खुर्ची सरकली.

मी आत्याकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती.

टेपवर तिचं बोलणं चालू होतं. शांत, निवांत. शहाडच्या कुठल्याशा पेरूच्या झाडाबद्दल विचारत होती. गुडघ्याला तेल का लावत नाही म्हणून रागावत होती. मध्ये थांबायची, समोरचा बोलतोय आणि आपण ऐकतोय अशी. त्या जागी टेपवर काहीच नसायचं. दुसरा आवाज नाहीच. नुसती खरखर... आणि मग आत्या खळखळून हसायची.

असं हसणं मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

“अहो, असं काय करता देवराम,” ती एकदा म्हणाली.

समोर बसलेल्या आत्यानं तोंडावर पदर घेतला. “मी त्यांना कधी नावानं हाक नाही मारली रे,” ती पुटपुटली. “नऊ वर्षांत एकदासुद्धा नाही.”

बाजू संपत आली तसा टेपवरचा तिचा आवाज हळू झाला. मग बराच वेळ शांतता. इतका वेळ, की मला वाटलं संपलं.

मग ती म्हणाली...

“हो. चालेल मला.”

पुन्हा शांतता.

“पण कधी?”

आणि खट्. टेप संपली.

गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा भान आलं.

“मी हो म्हटलं, ते कोणत्या गोष्टीला?” तिनं मला विचारलं. टेप अर्ध्या तासाची. मशीन म्हणत होतं, एक्केचाळीस मिनिटं. उत्तर मिळालं असेल तर ते उरलेल्या अकरा मिनिटांत मिळालं असणार. आणि ती अकरा मिनिटं कुठंच नाहीत. टेपवरही नाहीत आणि तिच्या डोक्यातही नाहीत.

पुढच्या शनिवारी ती धावत ऑफिसला गेली. तीनला बसली.

साठ. साठ. साठ.

त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. ते मशीन भंगारात जाईपर्यंत एकही शनिवार तिनं सोडला नाही. पण मशीननं पुन्हा कधीच साठाच्या वर आकडा दाखवला नाही.

याला सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. आत्या आता सत्तरीची आहे. मागच्या मे महिन्यात मी तिला म्हटलं, “आमच्याबरोबर कोकणात चल, आठ दिवस. हवापालट होईल.”

ती नको म्हणाली. दरवर्षी नकोच म्हणते. या वेळी मी खोदून विचारलं, “आत्या, भीती वाटते का गं?”

“भीती कसली?” ती म्हणाली. “ते ठरलंय रे. तारीख मला ठाऊक नाही, एवढंच. मी कोकणात असताना ते आले म्हणजे?”

मी निघालो. जिना अर्धा उतरलो असेन, तेव्हा वरून तिच्या दाराचा आवाज आला नाही हे माझ्या लक्षात आलं. मागे वळून पाहिलं.

तिनं दार लावलंच नव्हतं. आत ती कुणाशीतरी बोलत होती... हळू आवाजात.

मी थांबून ऐकलं नाही. सरळ खाली आलो.