पुन्हा सांगा

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. कोळशावर चालणारं ते जुनं वीजकेंद्र वर्षअखेरीला बंद व्हायचं होतं, आणि अशा वेळी पाणी तपासायला नवी मुलगी घेतली म्हणून सगळे हसत होते.

पहिल्याच दिवशी ती नमुन्यांच्या बाटल्या सांभाळत टर्बाइनच्या दालनातून चालली होती. समोरून कंट्रोल रूममधला एक तरुण आला. काहीतरी बोलला. त्या घरघराटात तिला फक्त ओठ हलताना दिसले... आणि डोळे हसताना.

"काय?" ती ओरडली.

तो कानाशी वाकला. "बाटली सांडतेय म्हटलं. तुमच्याच पायांवर."

तेव्हापासून रोज सकाळी दहाला ती प्रयोगशाळेतून फोनवर बॉयलरच्या पाण्याचे आकडे सांगायची, आणि पलीकडून तो म्हणायचा, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा." ती पुन्हा सांगायची. कधी कधी तिसऱ्यांदासुद्धा.

"बिचारा... कानाने अधू आहे गं," तिने आईला सांगितलं.

"मग हातचा सोडू नकोस," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "तुझी बडबड सोसायला तसाच नवरा हवा."

"आई, काहीतरीच तुझं."

त्याच्यासाठी ती मोठ्याने बोलायला शिकली. कॅन्टीनमध्ये "साखर किती?" एवढं विचारलं तरी अख्खी रांग वळून बघायची. तो मात्र शांतपणे म्हणायचा, "तुम्ही विचारलंत ना... मग नको."

शेवटच्या आठवड्यात त्याच्या बदलीचा कागद आला. दूरच्या धरणाखालचं वीजकेंद्र, सोमवारी हजर व्हायचं. तिची नोकरी तर इथेच संपणार होती. मध्ये शुक्रवार तेवढा उरला, आणि पठ्ठ्याने अजून एक शब्द काढला नव्हता.

शुक्रवारी दुपारी चारला यंत्र थांबवलं. सगळे दालनात जमले. चाक मंदावत गेलं, उरलेली वाफ मात्र छतावरून कानठळ्या बसवत सुटत होती. तो हात मागे बांधून उभा होता. आत्ता नाही तर कधीच नाही, असं म्हणून तिने टाचा उंचावल्या आणि सगळा जीव एकवटून त्याच्या कानात ओरडली. नेमकी त्याच क्षणी कुणीतरी वाफेची झडप बंद केली.

"—मला तुमच्याबरोबर यायचंय!"

शब्द पत्र्यापर्यंत गेले आणि परत आले. चाळीस माणसं वळली.

"हळू गं पोरी," म्हातारे फोरमनकाका म्हणाले. "याला ओरडून काय सांगतेस? बेअरिंगची कुरकुर हा दालनाच्या त्या टोकाहून ओळखतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... फोनवर—?"

"पहिल्या वेळीच ऐकू यायचं," तो लाजत म्हणाला. "पण एकदा ऐकून भागायचं नाही." मग अगदी हळू, "पुन्हा सांगा ना."

दोन महिन्यांत लग्न झालं. ती धरणाजवळच्या गावात पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागली. फोरमनकाका दोन दिवसांसाठी आले आणि इथे फारच शांत आहे अशी कुरकुर करत महिनाभर राहिले. आईने जावयाला शेवटपर्यंत ओरडूनच हाक मारली; खरं काय ते तिला कुणी सांगितलंच नाही. जुन्या केंद्राची चिमणीही पाडली.

आता त्याचे कान खरोखरच गेलेत. यंत्र आहे, पण लावायचा कंटाळा. सकाळी चहा घेताना ती काही पुटपुटली, की कप खाली ठेवून म्हणतो, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

खरं की खोटं, ते तिने अजून विचारलेलं नाही. ती पुन्हा सांगते.