आडोशातून गेलेला माणूस

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या या गृहस्थाला पक्ष्यांच्या फोटोंचं भारी वेड, पण पक्ष्यांना त्याचं मुळीच नव्हतं. त्याच्या फोटोंत पक्षी कमी, शेपट्याच फार. "पक्षी उडून गेल्यावर फोटो काढावा तर तुम्हीच," असं बायको म्हणायची. तो हसायचा, पण मनाला लागायचं.

त्याचं दैवत एकच. तळ्याकाठी राहणारा एक म्हातारा फोटोग्राफर. त्याच्या फोटोंतले पक्षी सरळ लेन्समध्ये बघायचे आणि त्या नजरेत भीतीचा लवलेश नसायचा. समोर माणूस नाहीच, असे बघायचे. तसा एक तरी फोटो आपल्या हातून निघावा, मग कॅमेरा खुंटीला टांगला तरी बेहत्तर, असं याला वाटे. कितीतरी दिवस मागे लागल्यावर म्हाताऱ्याने एकदाचं बोलावलं.

पाण्याला लागून गोणपाटाचा आडोसा होता. उजाडताना दोघं आत शिरले.

"पाखरं सगळं बघत असतात," म्हातारा म्हणाला. "पण त्यांना मोजता येत नाही. दोघांनी आत यायचं, एकाने निघून जायचं. त्यांना वाटतं, आडोसा रिकामा झाला."

"म्हणजे तुम्ही जाणार?"

म्हातारा मागच्या स्टुलावर टेकला.

हा ट्रायपॉड लावण्यात गुंतला. मागे गोणपाट हललं, गार वारा आत आला. मग त्याने लेन्समधून पाहिलं, तर बांधावरून एक माणूस वस्तीकडे चालला होता. डावा खांदा जरा उतरलेला. जाकिटाच्या कोपराला बायकोने लावलेलं तपकिरी ठिगळ. याने आपला कोपर चाचपला. ठिगळ होतं.

पाठीमागे कुणीतरी खाकरलं. म्हातारा स्टुलावरच बसला होता.

"मग तो कोण गेला?"

"कुणीतरी जावंच लागतं," म्हातारा म्हणाला. "हळू बोल. आला बघ."

अगदी पुढ्यात, काठीवर खंड्या उतरला होता. त्याने लेन्समध्ये पाहिलं आणि पाहतच राहिला. तिकडे बांधावरचा माणूस वळणाशी पोचला. आत्ता धावत सुटलं तर गाठता आला असता. पण खंड्या उडाला असता.

त्याने बटण दाबलं.

फोटो असा आला की त्याचे डोळेच भरून आले. "जमलं तुला," म्हातारा म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही.

दुपारी तो घरी पोचला. कधी एकदा बायकोला दाखवतो असं झालं होतं. बेल वाजवली. तिने दार उघडलं आणि रस्त्यावर इकडे तिकडे पाहिलं.

"अगं, बघ तरी काय मिळालंय!" त्याने कॅमेरा पुढे धरला.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला. त्याचाच आवाज.

"कुणी नाही हो," ती म्हणाली.

दार लागलं.

फाटकावरची चिमणी उडून आली, त्याच्या मनगटावर बसली आणि निवांत चोच पुसू लागली.