अळूच्या पानातली अंडी

टिटूच्या घळीपाशी नव्या पाहुण्याने पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली, आणि जोसेटला आत दोन अंडी दिसली. प्रत्येक अंडं अळूच्या पानात गुंडाळलेलं, वरून केळीच्या सोपटाने बांधलेलं.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

"डोमिनिकात पहिल्यांदाच येताय ना?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"अगदी पहिल्यांदा! शेजारच्या ग्वादलूप बेटाचा मी. ल्युसियन." तो गोड हसला. "उकळतं तळं बघायला आलोय. पण गाईड इतकी सुंदर असेल, हे कुणी सांगितलं नव्हतं..."

ग्वादलूपचा म्हणे! पाहुणे अंडी आणतात ती डब्यात, उकडून. कच्ची अंडी अळूच्या पानात बांधून वाफांच्या दरीत न्यायची अक्कल आमच्या डोंगरातल्याच माणसाला असते. आणि दरीतल्या वाफेवर अंडी उकडायला तर गेल्या वर्षापासून बंदी होती. एका पाहुणीचा हात भाजला, तक्रार झाली. तेव्हा गाईड होती जोसेट. आणखी एक तक्रार, की छातीवरचा बिल्ला जाणार होता. वडिलांनी तीस वर्षं ही वाट दाखवली, त्यांच्यामागे तिने तो बिल्ला मिळवला होता. लोदा गावात तो लावणारी ती पहिलीच मुलगी. गाईडांना बिल्ले देणारी कचेरी पाहुण्यांच्या वेषात तपासनीस पाठवते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुधाने तोंड पोळलेली जोसेट आता ताकही फुंकून पीत होती.

"उकडूया का इथे?" दरीत पोचल्यावर त्याने अंडी पुढे केली.

"बंदी आहे," ती म्हणाली. अंडी कच्चीच परत गेली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर! त्याच्या पुढच्याही. बाकीच्या गाईडांना पुढे जाऊ देऊन तो जोसेटची पाळी येईपर्यंत दगडावर बसून राही.

"अगं पोरी, तळं काय दर आठवड्याला नवं असतं?" म्हाताऱ्या आन्सेल्मकाकांनी डोळे मिचकावले. "तो तळं बघायला येत नाही."

"माहितीये मला," ती फणकारली. "माझा बिल्ला काढायला येतो!"

तिसऱ्या शनिवारी भुरभुर पाऊस होता. नेच्यांच्या पानांवरून थेंब मानेत उतरत होते. वाटेतल्या न्याहारीच्या नदीवर तो थांबला, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं आणि तिने बघताच वही मिटली.

"तुम्ही कधी हसत नाही का हो?"

"नियमात नाही."

"आणि हात देणं?"

"जो घसरेल त्याला."

तो लगेच घसरला. जोसेटने काठी पुढे केली. "धरा."

तो इतका मोकळा हसला, की तिला पाठ फिरवावी लागली. हाच तर वैताग होता! कुठेतरी पाणी मुरतंय हे पक्कं ठाऊक असूनही तो तिला आवडत होता. शनिवारची ती वाट बघायला लागली होती.

दरीत पोचल्यावर ती पुढे होती. मागे वळून बघते, तर त्याचा पाय पांढऱ्या पापुद्र्यावर! खाली पाणी उकळत होतं. तिने त्याची कॉलर धरून खेचलं, आणि दोघं करड्या चिखलात आदळले.

"गाढवा! मरायचंय का तुला? डोळे कुठे होते तुझे?"

"तुझ्याकडे..."

तिच्या हातून कॉलर सुटेना. मग एकदम तिच्या लक्षात आलं... पाहुण्याला शिवी! झालं. तक्रार तयार. ती उठली आणि तडक तळ्याकडे चालू लागली.

तळ्यावर वाफ दाटली होती. खालचं काही दिसत नव्हतं, फक्त खदखद ऐकू येत होती.

"काढ ती वही," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "गाढव म्हणाले, तेही लिही. तपासनीसच ना तू?"

"हो," तो हळूच म्हणाला. "वॉटन वेव्हनचा. पलीकडच्याच डोंगरातला."

"मग ती अंडी?"

"आणायचा हुकूम होता. पानात आईने बांधून दिली. तिला बिचारीला काय माहीत, मी परका पाहुणा बनून जातोय!" त्याने मान खाली घातली. "पण ड्युटी फक्त पहिल्या शनिवारी होती, जोसेट. पुढचे दोन मी माझ्या सुट्टीत आलो."

"हाही डावच असेल."

त्याने वहीतून एक घडी घातलेला कागद काढला. "अहवाल. सोमवारी द्यायचाय. सगळं चांगलंच लिहिलंय. शेवटचा रकाना तेवढा राहिलाय... गाईडशी काही संबंध आहे का? 'नाही' लिहिलं, की बिल्ला तुझा, चौकशी संपली. 'आहे' लिहिलं, की हा अहवाल रद्द. दुसरा माणूस येणार, पुन्हा पहिल्यापासून तपासणार. फार कडक आहे तो."

"मग लिही 'नाही'. सोपं आहे."

"लिहितो. पण मग परत येणार नाही. खोटं लिहून तुझ्या दारात कुठल्या तोंडाने येऊ?" त्याने पेन्सिल पुढे केली. "तू सांगशील ते लिहीन."

जोसेटने पेन्सिलीकडे पाहिलं. हा सापळा असेल, तर 'आहे' म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने बिल्ला काढून देणं. आणि सापळा नसेल तर... वारा सुटला. वाफ बाजूला सरली आणि खाली राखाडी पाणी उसळताना दिसलं. तिने तिकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"त्या कडक माणसाला सांग," ती अखेर म्हणाली, "मी सातला निघते. उशीर केला तर थांबणार नाही."

"म्हणजे...?"

"म्हणजे माझं काम मला येतं. दहा माणसं पाठव, दहाही वेळा पास होईन. 'आहे' लिही."

ल्युसियनने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"दाखव," जोसेट म्हणाली. तिने दोनदा वाचलं. मग त्याच्या हातून पेन्सिल घेतली आणि खाली स्वतःची सही ठोकली.

"आता माघार नाही," ती म्हणाली.

"कुणाला?"

"दोघांनाही," ती म्हणाली आणि हसली.