भुंगा कोणाची वाट बघतो

आक्कांनी बत्तीस वर्षं लोकांची कुत्री सांभाळली. माणसं सहलीला जायची, लग्नाला जायची, कोणी मेलं तर जायची, आणि जाताना कुत्रं आक्कांच्या दारात सोडायची. गुडघे गेले तेव्हा आक्कांनी काम बंद केलं. उरला तो घरचा भुंगा. काळा, एक कान पडलेला, नऊ वर्षांचा, आक्कांच्या पायापायात घुटमळणारा.

आक्कांची एक रीत होती. नवं कुत्रं आलं की त्याच्याकडे बघायचं नाही, चुचकारायचं नाही. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि मटार सोलायचे. तासाभरात ते आपणहून येऊन पाठीला नाक लावायचं. नाक लागलं की कुत्रं आक्कांचं! मग मालक न्यायला आला तरी ते मांडीवरून हलायचं नाही. तेव्हा मालकाचं जे तोंड व्हायचं, ते बघायला आक्कांना फार आवडायचं. एक मास्तरीण आईचं मरण आटोपून आली, हाका मारमारून रडकुंडीला आली. आक्का म्हणाल्या, "विसरला हो तुम्हाला. जनावराला खोटं वागता येत नाही."

यंदा आक्कांचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दवाखान्यात काढून नवव्या दिवशी दुपारी त्या लेकाच्या गाडीतून घरी आल्या. लिफ्टमध्येच सुनेला बजावलं, "बाजूला हो गं, नाहीतर तुला पाडून माझ्या अंगावर येईल तो."

भुंगा दाराशी आला. हुंगलं. शेपटी दोनदा हलवली, टपालवाल्याला बघून हलवायचा तशी. मग आक्कांना वळसा घालून लिफ्टकडे बघत बसला.

"दवाखान्याचा वास असेल," लेक म्हणाला.

आक्कांनी आपल्या नेहमीच्या साबणानं दोनदा अंग पुसून घेतलं. फरक नाही. भुंगा गुरगुरला असता तरी चाललं असतं, राग आपल्या माणसावरच येतो. पण हा अदबीनं वागत होता. आक्का स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावर खायचा, तेही अर्धंच. दुसऱ्याच्या दारात सोडलेली कुत्री अशीच खातात, हे आक्कांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला जुना स्वेटर घातला. भुंगा त्यांच्या गैरहजेरीत त्यावरच झोपायचा. तो जवळ आला, बाही हलकेच दातात धरली आणि ओढू लागला. फाडायला नव्हे. दुसऱ्याची वस्तू परत मागावी तसा.

"तुम्हीच म्हणायचात ना, आई," सून हसली, "जनावराला खोटं वागता येत नाही."

"जीभ आवर. मी बाटलीनं दूध पाजलंय त्याला."

"मी कुठं काय म्हटलं?"

पण दुसऱ्या दिवशी चहा आला तो सोनेरी काठाच्या कपात. पाहुण्यांच्या.

"हा कप कशाला काढलास?"

"असू द्या की," सून गोड आवाजात म्हणाली. पंधरा वर्षांत तिनं सासूला इतकं नीट उत्तर दिलं नव्हतं. आक्कांनी कप तसाच बाजूला सारला.

सहाव्या दिवशी लेकानं बिस्किटांची बशी पुढे केली. "घ्या ना," म्हणाला. जन्मभर 'अगं आई, घे की' म्हणणारा लेक. आक्कांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याला अवघडल्यासारखं झालं आणि तो वर्तमानपत्र घेऊन उठला.

आठव्या दिवशी दुपारी आक्का टाके सांभाळत जमिनीवर बसल्या. भुंग्याकडे पाठ. पुढ्यात मटार. स्वतःच्या कुत्र्यासाठी ही वेळ यावी! पण एकदा नाक लागू दे. भुंग्यानं ओळखलं की घर झक मारत ओळखेल. मग एकेकाची खोड मोडते.

मागे नख्या वाजल्या. भुंगा उठला होता.

जवळ आला. मानेवर त्याचा श्वास लागला, गरम, ओला. आक्कांचा अंगठा शेंगेतच राहिला.

श्वास सरकला. नख्या दाराकडे गेल्या.

भुंगा पुढचे पाय ताणून आळोखेपिळोखे देत होता. घशातून बारीक कुं कुं. मालक यायच्या आधी कुत्र्यांना कळतं. लिफ्ट हलायच्याही आधी.

आक्कांचे हात आपसूक चालू लागले. उठल्या, मालक न्यायला यायचा तेव्हा करायच्या तशी त्याच्या चादरीची घडी केली, वाडगा धुतला, पट्टा त्यावर ठेवला आणि सगळं हातात धरलं.

लिफ्ट थांबली.

दार उघडलं. भुंगा वेड्यासारखा उड्या मारत होता, फरशीवर घसरत होता, किंचाळत होता.

"अगं आई, सावकाश!" लेकाचा आवाज. "टाके ओले आहेत अजून."

आक्कांच्या पोटात टाके ठसठसले.

सून आत आली. तिनं चादर, वाडगा, पट्टा सगळं आक्कांच्या हातातून घेतलं.

"त्रास नाही ना दिला त्यानं, मावशी?"

"नाही," आक्कांच्या तोंडून निघून गेलं. "जेवला नाही नीट, एवढंच."

"बरं. जाताना दार तेवढं ओढून घ्या."

बाहेर आक्कांच्या चपला जिन्याकडे तोंड करून, जोडीनं मांडून ठेवलेल्या होत्या.