कोटीपोटातली गोळी

सकाळच्या धारा आटोपल्या तरी शालन ढोले गोठ्यातून हलली नव्हती. तिची चांदणी गाय भिंतीला कपाळ टेकवून उभी होती. समोर हिरवा मका पडला होता, पण तिला तो दिसत नव्हता.

"कालपास्नं अशीच हाय, मॅडम. आंधळी झाली का वो?"

पशुवैद्य वसुधा हिरवेने गायीच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. पापणी लवली नाही. तिने मोबाइल डाव्या कुशीला लावला. एरवी आतल्या गोळीकडून लगेच आकडे येत. आज पडदा कोराच राहिला. रवंथ करताना गोळी बाहेर पडली होती.

सहा वर्षांपूर्वी ही गोळी या भागात वसुधानेच आणली होती. चारा आंबतो त्या मोठ्या कप्प्यात, कोटीपोटात, ती बसून राही आणि गरजेप्रमाणे जीवनसत्त्वे सोडत राही. दूध वाढले, व्यायल्यावर वार अडकणे थांबले, वासरे धडधाकट जन्मू लागली. वसुधाचा सत्कारही झाला होता.

ब-१ जीवनसत्त्व तुटले की गायीची नजर जाते; तिने चांदणीला त्याचे इंजेक्शन दिले. नळीने कोटीपोटातला रस काढून तपासणीयंत्रात घातला आणि निकाल दोनदा वाचला.

"ब गटातली जीवनसत्त्वं गायीच्या पोटातले जिवाणूच बनवतात, शालनताई. गोळीतून सगळं आयतं मिळत गेलं आणि ते जिवाणूच संपले."

गोठ्यातल्या इतर तीन गायींचाही निकाल तोच आला.

"मग आता?"

"गोळी कधीच न घेतलेल्या गायीच्या कोटीपोटातला रस पाजला, तर ते परत रुजतील."

गोळी आता सगळीकडेच पोचली होती; तिच्याविना राहिलेली एकच गाय वसुधाला ठाऊक होती. ती तडक डोंगरावरच्या वस्तीवर नामदेव करांडेंकडे गेली. त्यांच्या गोठ्यात सरपण रचलेले होते.

"गाय कुठंय, नामदेवकाका?"

"दिली बाजारात. नेणाऱ्यानं तिलाबी गोळी घातली. बिनगोळीचं दूध घेऊ नका म्हणून दूध संघाला तुम्हीच लिहून दिलं हुतं. रोज दूध ओतून टाकायचं, किती दिवस?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "गोळीनं पोटातलं काय बिघडंल का, असं मी इचारलं तवा तुम्ही हसला हुता, बाई."

ते हसणे वसुधाला आठवले. नामदेवकाकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

परत येऊन तिने चांदणीच्या घशात नवी गोळी सोडली. दुसरा इलाज नव्हता. चार दिवसांनी चांदणी तोंडाशी धरलेला चारा खाऊ लागली. दृष्टी मात्र आली नाही.

"ही गोळी किती दिवस?" शालनने विचारले.

"आता कायमची."

शालनने चांदणीच्या कुशीवर हात ठेवला. गाय पाच महिन्यांची गाभण होती.

"आन् हे आतलं वासरू, मॅडम? वासराला जिवाणू आईकडनंच मिळत्यात, असं तुम्हीच सांगितलेलं. मग ह्याला ते कोण देणार?"