वर येताना की खाली जाताना

ही गोष्ट खरी आहे. रचायची असती, तर मी स्वतःला जरा बरी भूमिका दिली असती.

वेळ रात्रीची नाही, त्याबद्दल वाचकांनी माफ करावं. मंगळवार होता, दुपारचे सव्वाचार. जागा म्हणजे माझ्या मामाच्या चष्म्याच्या दुकानातून वरच्या घरात जाणारा लाकडी जिना. चौदा पायऱ्या.

त्याच जिन्यावर पाच महिन्यांपूर्वी मामाने एका माणसाला गोळी घातली होती.

मामा म्हणजे आयुष्यभर लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणत आलेला माणूस. दुकान दोनदा फुटल्यावर त्याने परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं. मामी म्हणायची, “झुरळ दिसलं की मला हाक मारतात, आणि म्हणे रिव्हॉल्व्हर!”

मग एका दुपारी, दुकान जेवायला बंद असताना, एक जण कटावणी घेऊन जिना चढू लागला. मामी आत झोपली होती. मामा वरच्या टोकाला उभा राहिला.

एक गोळी.

तो माणूस घरंगळत तळाशी आला आणि तिथेच संपला. कटावणी नवव्या पायरीवर राहिली.

गोळी बगलेखालून शिरली होती. सगळा खटला त्या बगलेत अडकला होता.

“अंगावर येणाऱ्याला मारलं तर तो बचाव,” वकीलबाईंनी मला समजावलं. “तो वळून पळायला लागला, की तुमचा हक्क तिथेच संपतो. मग तो खून.”

“आणि गोळी बाजूने लागली तर?”

“तर आपण म्हणायचं, अंग चोरून वर येत होता. सरकारी वकील म्हणणार, वळला होता. मामांची जन्मठेप त्या अर्ध्या वळणावर आहे, भाचेसाहेब.”

म्हणून त्या मंगळवारी, जामिनावर सुटलेल्या मामाची तालीम ठरली. उलटतपासणीत मामा अडखळू नये, एवढ्यासाठी. मामा वर उभा राहणार, बाई टाळी वाजवणार, ती गोळी.

चोर माझ्याच उंचीचा होता. अंगानेही. हे मला सगळ्यांनी फार आपुलकीने सांगितलं.

मी डाव्या हातात कटावणी म्हणून छत्री घेतली, उजव्या हाताने कठडा धरला आणि चढलो. नववी पायरी आली. टाळी वाजली.

“अहो, पाठ कशाला फिरवलीत?”

“मी कुठे...”

मग मी पाहिलं. माझ्यासमोर मामा नव्हता.

समोर दुकानाचं दार होतं. काचेपलीकडे रस्ता.

कठडा माझ्या डाव्या हातात होता.

मी वळलो नव्हतो... आईशप्पथ, मी वळलो नव्हतो.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या. या वेळी मी मामाच्या नाकावर नजर रोखली. सात... आठ... नऊ...

टाळी.

पुन्हा दार.

आणि हात रिकामा. छत्री पायरीवर होती. पडल्यासारखी नाही... कुणी हळूच ठेवावी, तशी.

“कटावणी अशीच होती,” मामी वरून म्हणाली. “ठेवल्यासारखी.” मग तिने तोंडावर पदर धरला आणि आत गेली.

“तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात?” बाईंनी विचारलं. मी वाकून छत्री उचलली.

पुढच्या महिन्यात न्यायाधीश जागेची पाहणी करायला आले. दुसरा कुणी बघा म्हणून मी बाईंच्या विनवण्या केल्या होत्या. “माप जमलेला चोर असा ऐन वेळी मिळत नाही,” त्या म्हणाल्या.

चढलो. घामाने कठडा निसटत होता. नवव्या पायरीवर थांबलो. टाळीऐवजी कारकुनाने टेबलावर फाइल आपटली.

समोर मामाच होता.

मी वळलो नव्हतो! बाईंनी सोडलेला श्वास मला खालून ऐकू आला.

आणि मग...

माझ्या पाठीमागे...

टक्.

कुणीतरी एक पायरी उतरलं.

टक्. टक्. पावलांना घाई होती.

टक्.

चार. मग काहीच नाही.

न्यायाधीश लिहीत होते. कारकून नाक पुसत होता. फक्त मामाची नजर माझ्या खांद्यावरून एकेक पायरी खाली गेली... आणि थांबली.

मामा संशयाचा फायदा मिळून सुटला. मामीने वकीलबाईंना दोन चष्मे करून दिले, एक लांबचा, एक जवळचा.

परवा दुपारी मी दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. मामा एका काडीचा स्क्रू पिळत होता.

“मामा, तो वर येत होता ना?”

“कोर्टाने सांगितलंय की.”

“कोर्टाचं राहू दे. तू सांग.”

जिन्यावर टक् झालं.

मामाने मान वर केली नाही. स्क्रू मात्र बोटांतून निसटला.

टक्. टक्. टक्.

“चार पायऱ्या उतरतो,” मामा म्हणाला. “रोज. वळून एकदा माझ्याकडे बघतो. दारापर्यंत काही पोहोचत नाही बिचारा.”

मला तिथून निघायचं होतं. पण दाराकडे जायचं, तर मामाकडे पाठ करावी लागली असती.

मामी खाली येईपर्यंत मी स्टुलावरून उठलो नाही.