पंचावन्न अंशांची मर्यादा

पहिल्या वेळची तक्रार मात्र खरी होती. ग्रंथालयाचे संगणक ती सांभाळायची. तिथल्या सर्व्हरचा पंखा बंद पडला, तिच्या स्क्रीनवरचा हिरवा ठिपका लाल झाला आणि तासाभरात कंपनीचा दुरुस्तीवाला दारात हजर. खांद्याला बॅग, हातात नवा पंखा आणि शर्टाचं बटण भलत्याच काजात.

“पेशंट कुठाय?”

“आत. ताप एकाहत्तर.”

“आणि तुम्हाला?”

“मी ठीक आहे,” ती म्हणाली. ठीक अजिबात नव्हती. “तुमचं बटण… चुकलंय.”

तो कानापर्यंत लाल झाला. ती हसली, तोही हसला… आणि पंखा बसवायला दहा मिनिटांऐवजी पाऊण तास लागला.

मग आठ दिवस सगळं हिरवंगार. एरवी तिला त्या हिरव्या ठिपक्याचं कोण कौतुक, आता तो बघवेना. सर्व्हर सत्तर अंशांवर गेला की तक्रार आपोआप कंपनीकडे जायची. नवव्या दिवशी तिनं ती मर्यादा गुपचूप पंचावन्नावर आणली. दुपारी वाचक वाढले, सर्व्हर जरासा तापला – आणि तो आला.

त्यानं यंत्र उघडलं, धूळ झाडली, स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी वाचलं. “तब्येत नाजूक दिसतेय,” एवढंच म्हणाला.

“मग येत जा बघायला.”

“तुम्ही बोलवाल तेव्हा, मॅडम.”

घरी ताईनं कपाळाला हात लावला. “सरळ बोल ना त्याच्याशी. त्या यंत्राला कशाला मध्ये घालतेस?”

“बोलेन गं.”

बोलेन बोलेन म्हणता चार महिने गेले आणि तक्रारी झाल्या अकरा.

एका सकाळी तो तक्रार नसतानाच आला. “बदली झाली,” खुर्चीत न बसताच तो म्हणाला. “लांब. एकच यंत्र अकरा वेळा बिघडतं म्हणजे माणसाला काम येत नाही, असं साहेबांचं म्हणणं.”

ती उठून उभी राहिली. “चूक माझी आहे. ती मर्यादा… मी कमी केली होती.”

“माहीत आहे. दुसऱ्याच खेपेला दिसलं. कुणी, कधी बदललं, सगळी नोंद राहते त्यात.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं, तर माझं येणं थांबलं असतं.”

“मी लिहिते तुमच्या साहेबांना. आत्ताच.”

“माझ्या जागी माणूस आलासुद्धा. आता लिहून तुमची नोकरी तेवढी जाईल.” तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “मी कंपनीचा माणूस, मला विचारता येत नव्हतं. वाटायचं, आज बोलाल, उद्या बोलाल… एकदा नुसतं ‘चहाला या’ म्हणाला असतात, तर काही न बिघडताही आलो असतो.”

दाराशी तो थांबला. चांगला थांबला. तिला त्याचा नवा पत्ता विचारायचा होता, माफी मागायची होती, जाऊ नका म्हणायचं होतं. चार महिने मनात घोळवलेलं सगळं ओठांशी आलं, आणि ती म्हणाली, “जपून जा.”

त्यानं क्षणभर आणखी वाट पाहिली. मग मान हलवली आणि तो जिना उतरून गेला.